गाणे कोणाच्या मालकीचे?

जगभरच्या मोर्चांतून आणि सभांतून गेली साठाहून अधिक वर्षे जे गीत गायिले जात आहे, ते 'वुई शॅल ओव्हरकम' कोणा एका कवीने एकांतात बसून रचलेले नाही. गिरिजाकुमार माथुर यांनी त्याला 'हम होंगे कामयाब' हे हिंदी रूप दिले आणि आपल्या देशात शाळाशाळांतून ते प्रार्थनेसारखे म्हटले जाऊ लागले. मात्र ते म्हणणाऱ्या मुलांना, आणि पुष्कळदा शिबिरांतून ते गाणाऱ्या कार्यकर्त्यांनाही, हे गीत तंबाखूच्या कारखान्यातील संपात घडले याची कल्पना नसते. ही विस्मृती निरुपद्रवी नाही. गीताचा इतिहास पुसला गेला की त्यातील मागणीही पुसली जाते; आणि मागणी नसलेले गीत सत्ताधाऱ्यांनाही बिनदिक्कत गाता येते.

या गीताची मुळे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील जुन्या भजनांत आहेत. त्या भजनांत बोलणारा 'मी' होता. ऑक्टोबर १९४५ मध्ये साउथ कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन या बंदरात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगार कारखान्यातील कामगारांनी पगारवाढीसाठी संप पुकारला. संपकऱ्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांचा भरणा मोठा होता. पाच महिन्यांहून अधिक काळ, ऐन हिवाळ्यात, त्यांनी कारखान्याच्या फाटकावर पहारा दिला. दिवसाची निदर्शने संपताना ल्युसील सिमन्स ही कामगार स्त्री ते जुने भजन अगदी संथ लयीत म्हणे आणि बाकीच्या तिला साथ देत. या फाटकावर 'मी'ची जागा 'आम्ही'ने घेतली. एका सर्वनामाचा हा बदल व्याकरणाचा नव्हता. एकट्या मजुराला मालकापुढे सौदा करण्याचे बळ नसते, ते 'आम्ही' म्हटल्यावरच येते, हे कामगार संघटनेचे सारे अर्थशास्त्र त्या एका शब्दात सामावले होते.

संपानंतर १९४६ साली या स्त्रियांपैकी काही जणी टेनेसी राज्यातील हायलँडर लोकशाळेत आल्या. कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय कामगारांनी एकत्र जेवावे, एकत्र शिकावे, अशी या शाळेची रीत. आणि त्या राज्याचे कायदे तर याच्या नेमके विरुद्ध. तेथे झिल्फिया हॉर्टन यांनी ते गीत उचलले, त्यांच्याकडून पीट सीगर यांनी घेतले. ३१ जुलै १९५९ रोजी शाळेवर पोलिसांची धाड पडली. अंधारात बसवून ठेवलेल्या विद्यार्थ्यांतील चौदा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने त्या वेळी निर्भयतेचे एक नवे कडवे गाण्याला जोडले. १९६१ साली सरकारने शाळेची सनदच रद्द केली. तोवर गीत शाळेच्या भिंतींबाहेर गेले होते. एप्रिल १९६० मध्ये रॅले येथे विद्यार्थ्यांच्या अहिंसक समन्वय समितीची स्थापना झाली, तेव्हा गाय कॅरावन यांनी ते तेथे जमलेल्या तरुणांना शिकवले आणि दक्षिणेतील लढ्याचे ते गीत झाले.

गाण्याने राज्य उलथत नाही, असा आक्षेप तेव्हाही होता. आता गाणे पुरे, दोन हात करायला शिका, असा टोला माल्कम एक्स यांनी १९६४ साली लगावला. आक्षेपात तथ्य आहे; परंतु गाणे आणि संघटन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे त्यात गृहीत धरलेले आहे. जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी शहरात १९६१-६२ साली शेकडो सत्याग्रही तुरुंगात गेले. वेगवेगळ्या कोठड्यांतील माणसांना एकत्र बांधणारे दुसरे साधन तेथे नव्हते. निरक्षर शेतमजूर पहिल्याच ओळीला सूर मिळवू शके, आणि कडव्यात स्थानिक अधिकाऱ्याचे नाव घालून त्याच्या तोंडावर गाऊ शके. त्याच चळवळीतून पुढे आलेल्या बर्निस जॉन्सन रेगन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६२ पासून 'फ्रीडम सिंगर्स' या पथकातर्फे देशभर गाऊन समितीसाठी निधी उभारला. तेथे गाणे हेच संघटनेचे काम होते.

७ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथे मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी अमानुष लाठीहल्ला केला. आठच दिवसांनी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी संसदेपुढील भाषणात याच गीताचे शब्द उच्चारले आणि ६ ऑगस्ट रोजी मतदान हक्क कायद्यावर सही केली. चळवळीचा तो निःसंशय विजय होता. मात्र शब्द राष्ट्राध्यक्षांच्या मुखी गेले म्हणून हक्क कायमचे सुरक्षित झाले नाहीत. १९६९ साली त्याच चार्ल्सटनमध्ये इस्पितळांतील कृष्णवर्णीय स्त्री-कर्मचाऱ्यांना संघटनेच्या मान्यतेसाठी पुन्हा संपावर जावे लागले. आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने मतदान हक्क कायद्यातील एक मध्यवर्ती तरतूद रद्द ठरवून त्याची धार बोथट केली.

गीताच्या मालकीची कथाही बोलकी आहे. १९६० आणि १९६३ साली त्याचे स्वामित्वहक्क नोंदवले गेले. नोंदीत नावे आली ती हॉर्टन, हॅमिल्टन, कॅरावन आणि सीगर अशी चार, आणि चारही गौरवर्णीयांची. त्यांचा हेतू स्वच्छ होता: गाण्याचा बाजार होऊ नये म्हणून ही तजवीज होती आणि मिळालेले उत्पन्न चळवळीच्या निधीत जाई. तरीही ल्युसील सिमन्सचे नाव त्या कागदावर नव्हते. श्रम एकाचे आणि नोंद दुसऱ्याची, हा व्यवस्थेचा नियम सद्‌भावनेनेही सहजी मोडत नाही. अखेर २०१६ साली न्यायालयात दावा दाखल झाला आणि २०१८ च्या जानेवारीत तडजोड होऊन गीत सर्वांसाठी खुले झाले.

आता ते कायद्यानेही कोणाच्या मालकीचे नाही. परंतु कायद्याने मुक्त झालेले गीत सोहळ्यात पुन्हा बंदिस्त होऊ शकते. म्हणून कार्यकर्त्यांनी शिबिरात ते शिकवताना चार्ल्सटनच्या त्या स्त्रिया कोण होत्या, त्यांनी काय मागितले आणि ते मिळवण्यासाठी त्या किती महिने फाटकावर उभ्या राहिल्या, हेही सांगावे. आणि जेथे ते गायचे तेथील मागणी कोणती, हे आधी ठरवावे. 'आम्ही' म्हणणारी माणसे उभी असतील तरच त्या शब्दाला अर्थ आहे.