ऐकत नाही, की ऐकू येत नाही?

‘हाक मारली तरी ढुंकून बघत नाही!’ मुलाची ही तक्रार घरोघरी असते. पण मैत्रिणींनो, रागावण्याआधी एकदा त्याचे कान तपासून घ्या. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठलं, तर कान न दुखताही ऐकू कमी येतं.

तपासणीत काही टोचत नाहीत. डॉक्टर आधी छोट्या दिव्याच्या उपकरणाने कानातला मळ आणि पडदा पाहतात. मग ऑडिओमेट्री. शांत खोलीत हेडफोन लावून आवाज बारीक करत नेतात. आवाज आला की मुलाने बोट वर करायचं. घरी हा खेळ आधी खेळवा, म्हणजे मूल बावरणार नाही. प्रत्येक कानाचा वेगळा आलेख मिळतो. टिंपॅनोमेट्रीत कानात हवेचा हलका दाब देऊन पडदा नीट हलतो का, ते पाहतात. पाणी असेल तर इथे कळतं.

तान्ह्या बाळासाठी ओएई चाचणी आहे. बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते. पहिल्या महिन्यातच करून घ्यावी. टाळीला दचकलं म्हणजे दोन्ही कान चांगले, असं धरून चालू नका. मूल बोलायला शिकतं ते ऐकूनच. इथे गेलेले महिने भरून काढणं कठीण.

आणि हो, कानात तेल किंवा पिन अजिबात घालायची नाही!