घरातील गौतम

पर्युषणातील महावीर जन्मवाचन ऐकून रावेरच्या एका व्यापारी कुटुंबातील मंडळी घरी परतली होती. मीही त्या दिवशी तेथे पाहुणी होते. चौदा स्वप्ने आणि पाळणा यांविषयी आनंदाने बोलणे चालले असता सहा वर्षांच्या नातीने विचारले, “आजी, भगवान त्रिशलामातेच्या पोटात कसे गेले? आणि आपल्या काकीच्या पोटात बाळ कसे गेले?”

“बाळ दवाखान्यातून आणतात,” आजी म्हणाल्या. केळीच्या व्यापारात आयुष्य घालवलेल्या आजोबांनी बाजू सावरली, “अगं, केळीच्या बुंध्याशी पील फुटते ना, तसेच.” मुलगी म्हणाली, “पण पील तर जमिनीतून येते. काकीचे बाळ पोटात आहे.” यावर तिला खेळावयास पाठवण्यात आले.

ज्या संघात आपण मुलांना मांडीवर घेऊन गर्भाची कथा ऐकतो, त्याच संघातील घरात मुलाने गर्भाविषयी विचारले की आपण संकोचतो. वास्तविक हा प्रश्न आपल्या परंपरेला नवीन नाही. भगवतीसूत्राच्या पहिल्या शतकात गणधर गौतम भगवान महावीरांना हेच विचारतात. गर्भात आलेला जीव प्रथम कोणता आहार घेतो? तो मुखाने आहार घेतो काय? शरीराची कोणती अंगे मातेची, कोणती पित्याची? भगवंत त्यांना गप्प बसवीत नाहीत. मातेचे ओज आणि पित्याचे शुक्र यांच्या संयोगाचा ते स्पष्ट उल्लेख करतात आणि मातेशी जोडलेल्या नाडीतून गर्भाचे पोषण होते, असे सांगतात.

कल्पसूत्रात गर्भकाळ नऊ महिने साडेसात दिवसांचा सांगितला आहे. आजचे डॉक्टर शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजतात. मांस मातेचे, अस्थी पित्याच्या, ही सूत्रातील विभागणी आजचे विज्ञान मानत नाही. फलित बीजात २३ गुणसूत्रे मातेची आणि २३ पित्याची असतात, असे ते सांगते. तरी बाळाच्या देहात दोघांचाही वाटा असतो, ही मूळ गोष्ट दोन्हीकडे आहे. आजोबांचे उदाहरण अपुरे पडले ते येथेच. पील एकट्या केळीच्या कंदातून फुटते. तिला पिता नसतो.

मराठीत हा विषय उघडपणे मांडणाऱ्यांना किंमत मोजावी लागली. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्व्यांची सर्व मते आपणांस पटतील असे नाही. परंतु शरीराचे ज्ञान म्हणजे अश्लीलता नव्हे, हे आपण आपल्या आगमांवरूनही जाणतो.

मग मुलांना सांगावे किती? जेवढे विचारले तेवढे, आणि खरे. तीन-चार वर्षांच्या मुलास एवढे पुरते: “आईच्या पोटात गर्भाशय नावाची जागा असते, तेथे बाळ वाढते.” सहा-सात वर्षांच्या मुलास सांगावे की आईकडील एक बीज आणि वडिलांकडील एक बीज एकत्र आले म्हणजे बाळाची सुरुवात होते, दिवस भरल्यावर ते आईच्या शरीरातील वाटेने जन्मते, कधी डॉक्टरांना शस्त्रक्रिया करावी लागते. परसात भोपळ्याचा वेल असेल तर त्यावरील नर व मादी फुले दाखवावीत; मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा दिसतो आणि नर फुलातील पराग पोहोचल्यावरच तो वाढतो. नऊ-दहाव्या वर्षी, पाळी येण्याच्या आधीच, मुलीला आणि मुलालाही शरीरातील बदल समजावून द्यावेत. पुढे पती-पत्नींच्या जवळिकीविषयी सांगताना संयम आणि जबाबदारी यांचेही बोलणे ओघाने येते. उत्तर ठाऊक नसल्यास “उद्या सांगते” म्हणावे, आणि उद्या खरोखरच सांगावे.

यात केवळ कुतूहलाचा प्रश्न नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ चा कायदा आहे, परंतु मूल बोलले तरच बहुधा घरच्यांना काही कळते. ज्याला आपल्या अवयवांची नावेच ठाऊक नाहीत, ते काय घडले हे सांगणार कसे? आणि पहिल्या प्रश्नाला ज्या आईने खोटे सांगितले, तिच्याजवळ ते दुसऱ्यांदा का येईल? सत्य हे आपले दुसरे अणुव्रत. ते दुकानातील गादीवर जसे पाळायचे, तसेच मुलासमोरही.

त्या सायंकाळी काकीने पुतणीला जवळ बसवले आणि सांगितले, “बाळ माझ्या गर्भाशयात आहे. ते माझे आणि काकांचे, दोघांचे आहे.” मग तिचा हात आपल्या पोटावर ठेवला. मातेला त्रास होऊ नये म्हणून वर्धमान गर्भात निश्चल राहिले आणि त्रिशलामाता व्याकूळ झाली, ही कथा मुलीने सकाळीच ऐकली होती. ती श्वास रोखून बसली. थोड्या वेळाने ओरडली, “हलले! काकी, आता तू रडू नकोस.”

आजी दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि नातीशेजारी बसल्या.