कळंबचे तळे : भरण्याआधी मोजायचे काय?

फाल्गुनातल्या एका रविवारी सकाळी नेरळहून रिक्षाने कळंबला गेलो आणि पोश्री नदीच्या पात्रात उतरलो. पाणी डोहांपुरते उरले होते. डोहावर खंड्या टपून बसला होता, खडकांवर करडा धोबी शेपटी वरखाली करत फिरत होता आणि काठावरच्या फुललेल्या पळसावर भोरड्यांचा गलका चालला होता. धोबी आणि भोरड्या दोघेही हिवाळी पाहुणे. थोड्याच आठवड्यांत धोबी हिमालयाकडे आणि भोरड्या मध्य आशियाकडे निघतील.

गुरे घेऊन आलेल्या एका ठाकर आजोबांच्या हाती मी दुर्बीण दिली. त्यांनी ती क्षणभर डोळ्यांना लावून परत केली. म्हणाले, "पाखरं रोजच बघतो. तुम्ही शिकलेले, धरण कधी होणार तेवढं सांगा."

प्रश्न रास्त होता. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये कर्जत तालुक्यातल्या पोशीर आणि शिलार या दोन प्रकल्पांना मंजुरी दिली. एकट्या पोशीरचा खर्च सहा हजार कोटी रुपयांच्या वर आहे आणि पाणी सुमारे १२ टीएमसी. पुण्याच्या खडकवासल्यात जेमतेम दोन टीएमसी मावते, यावरून अंदाज करावा. हे पाणी प्रामुख्याने मुंबई महानगर प्रदेशाची तहान आणि उद्योगांची गरज भागवण्यासाठी आहे.

पक्षीनिरीक्षकाला खरे तर आनंद व्हावा. महाराष्ट्रातली पाणपक्ष्यांची नामांकित ठिकाणे पाहा : नांदूरमधमेश्वर, जायकवाडी, भिगवणजवळची उजनी. सगळी माणसाने अडवलेल्या पाण्याची. नांदूरमधमेश्वर तर २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ ठरले. मग कळंबला तळे झाले तर बिघडले कुठे?

बिघडते ते उताराचे. उजनीचे पाणी पठारावर पसरले आहे. उन्हाळ्यात ते मागे हटते तसा मैलोगणती गाळ उघडा पडतो, त्या उथळ चिखलात किडे, शिंपले आणि वनस्पती असतात, म्हणून तिथे रोहित आणि तुतवार येतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या दरीत पाणी अडवले की ते पसरण्याऐवजी खोल जाते. खोल, उभ्या काठाच्या तलावावर पाणकावळे बुड्या मारतील, काही बदके उतरतील. पण खडकाळ ओढ्यावरचा धोबी, काठावरच्या झाडीतले हळद्या आणि तांबट यांची जागा पाण्याखाली जाईल. तळे झाले म्हणजे पक्षी वाढले, हा हिशेब अर्धाच आहे.

युरोपात जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर बोडेन्से हे विस्तीर्ण सरोवर आहे. १९५८ पासून त्याचे पाणी नळाने दूरवर जाते; आज सुमारे ४० लाख लोक ते पितात. त्याच सरोवराच्या काठी राडोल्फत्सेल या लहानशा गावी पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करणारे जगप्रसिद्ध केंद्र आहे. मार्च महिन्यात तिथे तुरेवाल्या टिबुकल्यांचे प्रणयनृत्य पाहायला लोक काठावर उभे राहतात, आणि हौशी निरीक्षक साठ वर्षांहून अधिक काळ तिथले पाणपक्षी नेमाने मोजत आले आहेत. पिण्याचे पाणी आणि पक्षी एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा. मात्र एक फरक विसरू नये. ते सरोवर हिमनदीने कोरले. त्यासाठी कुणाचे घर उठले नाही.

आपल्याकडे घरे उठतात. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापासून आपण ते पाहत आलो आहोत. कर्जत तालुक्याला तर धरणाच्या पाण्याची जुनी ओळख आहे. भिवपुरीचे वीजगृह १९२२ मध्ये सुरू झाले. वीज मुंबईला गेली, पण वीजगृहातून सुटलेले पाणी इथेच राहिले. त्यामुळे पेज नदी बारमाही वाहू लागली आणि राजनाल्यावर उन्हाळी भात पिकू लागले. शेतकऱ्याला काहीतरी मिळाले. आताच्या योजनेत खुद्द पाणीच मुंबईच्या दिशेने जाणार आहे. मग तालुक्याच्या वाट्याला काय, हे आधी ठरले पाहिजे.

यासाठी नोंद लागते. २०२३ च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे आणि त्यांपैकी १७८ जातींना तातडीच्या संवर्धनाची गरज सांगितली आहे. तो मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. जिथे निरीक्षक जात नाही, तिथला पक्षी कागदावर नसतो. माणसाचेही तसेच. रायगडातले ठाकर आणि कातकरी पिढ्यान्‌पिढ्या दळी जमिनी कसत आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना हक्क मागता आला, पण ज्याचा दावा मार्गी लागला नाही त्याचे नाव सातबाऱ्यावर नाही. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्याला नुकसानभरपाईच्या यादीत शोधणार कसे?

म्हणून मागणी साधी आहे. पहिली कुदळ पडण्याआधी दळीचे दावे निकाली काढा. स्थानिक तरुणांना मजुरी देऊन, पावसाळ्यासकट पूर्ण वर्षभर या खोऱ्यातले पक्षी आणि झाडे मोजा. धरणाखाली पोश्रीत उन्हाळ्यात किती पाणी सोडणार, तो आकडा जाहीर करा. मुंबईची तहान खोटी नाही. पण ती भागवणाऱ्याचे नाव ताळेबंदात आले पाहिजे.

आजोबांना द्यायला माझ्याजवळ तारीख नव्हती. निघताना त्यांनी पात्रातल्या खडीकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "जपून पाय टाका." टिटवीची चार अंडी होती. मी वहीत लिहिले : कळंब, पोश्रीचे पात्र, टिटवी, अंडी चार. आजोबांचे नाव विचारायचे मात्र राहून गेले.