टाके घालून झाले की औषध थांबवू

‘टाके पिकले तर?’ या एका भीतीपोटी साध्या हर्नियाच्या पेशंटलाही पाच दिवस दोन-दोन अँटिबायोटिक इंजेक्शनं दिली जातात आणि डिस्चार्ज कार्डावर आणखी पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या जातात. आम्ही सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि फार्मासिस्ट वर्षानुवर्षं हेच करत आलो. आता हे थांबवण्यासाठी एकत्र आलो आहोत.

जखमेत जंतू शिरतात ते मुख्यतः चीर दिल्यापासून टाके पडेपर्यंत. औषध तिथे तेव्हाच हजर हवं. जंतू शिरल्यावर तीन तासांनी दिलेलं औषध संसर्ग रोखू शकत नाही, हे सर्जन जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये गिनीपिगवरच्या प्रयोगांतून दाखवलं. शस्त्रक्रिया संपल्यावर निव्वळ प्रतिबंधासाठी अँटिबायोटिक चालू ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं. तरीही आपले पाच दिवस सुटत नाहीत. त्या पाच दिवसांत पेशंटच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जंतू माजतात आणि उद्या शेजारच्या आयसीयूतल्या माणसासाठी औषधच उरत नाही.

म्हणून आम्ही ठरवलं आहे. जिथे गरज आहे तिथे बहुतेक स्वच्छ शस्त्रक्रियांना सेफाझोलिन या अँटिबायोटिकचे दोन ग्रॅम, चीर देण्याआधीच्या साठ मिनिटांत. शस्त्रक्रिया चार तासांपलीकडे लांबली किंवा दीड लिटरहून जास्त रक्त गेलं, तर पुन्हा एक डोस. मग बंद. फुटलेलं अपेंडिक्स किंवा पोटात पू असेल, तर तो प्रतिबंध नव्हे, उपचार आहे. तिथे पूर्ण कोर्स मिळेल, त्यात काटकसर नाही.

टाके सांभाळायचे तर हात नीट धुवावे लागतात, ऑटोक्लेव्ह रोज तपासावा लागतो, वस्तरा सोडून क्लिपर वापरावा लागतो, पेशंटची साखर ताब्यात ठेवावी लागते. ऑपरेशन थिएटरमधली (ओटी) ढिलाई अँटिबायोटिकचं ‘कव्हर’ देऊन झाकणं हा पेशंटवर अन्याय आहे.

दुसऱ्या दिवशीही इंजेक्शन लिहिलेलं दिसलं, तर वॉर्डातल्या सर्वांत नव्या सिस्टरनेही विचारावं, ‘सर, हे कशासाठी चालू आहे?’ उत्तर केसपेपरवर लिहिलं जाईल. विचारणाऱ्या सिस्टरला कुणी आवाज चढवून बोलणार नाही, याची हमी आम्ही सर्जन देतो.

सोमवारपासून आमच्या प्रत्येक ओटीत एक वही असेल. तिच्यात डोसची वेळ, चिरेची वेळ आणि तिसाव्या दिवशी पेशंटला फोन करून विचारलेली टाक्यांची हालत लिहिली जाईल. पिकलेले टाकेही त्याच वहीत नोंदवू.