स्वस्ताई सातासमुद्रापलीकडची

दिवाळी जवळ आली की मध्यमवर्गीय घरांत हल्ली दोन याद्या तयार होतात. पहिली वाण्याची. ती करताना गृहिणी अर्ध्या किलो रव्याचाही दोनदा विचार करते आणि मागच्या वर्षीचा तुपाचा भाव तिला तोंडपाठ असतो. दुसरी यादी परदेशातून सुटीवर येणाऱ्या पुतण्याला किंवा भाच्याला कळवायची. तिच्यात पूर्वी सेंटची बाटली, चॉकलेटे आणि दाढीची पाती असत. आता पहिल्याच ओळीत लॅपटॉप असतो. गंमत अशी की पहिल्या यादीत पै-पैचा हिशेब करणारे घर दुसऱ्या यादीच्या बाबतीत अगदी उदार मनाने गणित करते. तिकडची किंमत इतके डॉलर, डॉलरचा भाव इतका, गुणाकार केला, इथल्या किमतीतून वजा केला, की वाचले एवढे हजार! मग घरातले सगळे एकमेकांकडे कौतुकाने पाहतात आणि इथला दुकानदार लुटारू आहे, यावर एकमत होते.

आमचे तासगाव हे द्राक्षांचे आणि बेदाण्याचे गाव. येथला द्राक्षबागाईतदार असला गुणाकार कधी करीत नाही. युरोपातल्या दुकानात द्राक्षाच्या डबीवर जी किंमत छापलेली असते ती आपल्या हातात पडत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्या किमतीत पेटी आहे, शीतगृह आहे, बोटीचे भाडे आहे, तपासणी आहे, दलाली आहे आणि वाटेत माल खराब झाला तर तो कोणाच्या अंगावर, याचा करारही आहे. द्राक्ष जाताना जो हिशेब लागतो, तोच संगणक येताना लागू नये असे थोडेच आहे? पण बागाईतदाराला जे कळते ते आम्हा पगारदार पदवीधरांना सहसा कळत नाही, हे नम्रपणे नमूद करून पुढे जातो.

ही परदेशी मालाची ओढ काही उगीच लागलेली नाही, हेही मान्य केले पाहिजे. आपल्याकडे एके काळी आयात जकात अशी होती की परदेशी वस्तू विमानातून उतरता उतरता दुपटी-तिपटीने महाग होई. १९९१ च्या अर्थसंकल्पात जकातीचा कमाल दर दीडशे टक्क्यांवर आणला, तेव्हा ती सवलत होती! तेव्हा कोणाच्या बॅगेतून एखादी वस्तू आली तर खरोखरच निम्मे पैसे वाचत. पुढे १९९७ साली भारत माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकावरची मूळ आयात जकात शून्यावर आली. म्हणजे जिच्या धाकाने आपण पुतण्याला साकडे घालायला शिकलो, ती जकात गेल्याला आता वीस वर्षे होऊन गेली. जकात गेली, साकडे राहिले.

मग इथला संगणक महाग का पडतो? पाटी-पेन्सिल घेऊन बसू या. समजा, अमेरिकेत एका लॅपटॉपवर हजार डॉलर किंमत लिहिली आहे आणि हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर नव्वद रुपयांचा धरला. झाले नव्वद हजार. पण अमेरिकेत दुकानातल्या चिठ्ठीवर विक्रीकर धरलेला नसतो. तो पैसे देताना वर चढतो. कॅलिफोर्नियात तो निदान सव्वासात टक्के आहे. म्हणजे झाले शहाण्णव हजार पाचशे पंचवीस. पुतण्याने तिथल्या पैशांनी घेतला तर एवढ्यावर भागले. तुमच्या इथल्या कार्डावर घेतला आणि बँकेने परकीय चलनाच्या व्यवहाराबद्दल साडेतीन टक्के लावले, तर लाखाला शंभर रुपये कमी. ऑरेगनसारख्या राज्यात विक्रीकर मुळीच नाही. पण पुतण्या तिथेच राहायला हवा. दुबईत २०१८ पासून पाच टक्के कर आहे, तर ब्रिटनमध्ये वीस टक्के. म्हणजे ‘परदेशात स्वस्त’ म्हणताना परदेश कोणता, हे आधी विचारले पाहिजे.

आता इथली बाजू. तोच नव्वद हजारांचा माल इथे आला, त्यावर अठरा टक्के जीएसटी बसला, की एक लाख सहा हजार दोनशे. त्यावर वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा धरून आपण एक लाख दहा हजार म्हणू. आपल्याकडे वेष्टनावरची कमाल किंमत सर्व करांसहित छापावी लागते, तिकडची करावाचून लिहिलेली असते. आपण एकाची अंगरखा घातलेली उंची आणि दुसऱ्याची बनियनवरची उंची यांची तुलना करतो! कर मिळवून पाहिला की वीस हजारांचा भासणारा फरक दहा ते साडेतेरा हजारांवर येतो. त्यातून दसरा-दिवाळीची सूट वजा केली तर आणखी खाली.

हा अठरा टक्क्यांचा काटा मात्र खरा आहे, आणि तो नेमका आमच्यासारख्यांनाच रुततो. जीएसटी नोंदणी असलेला व्यापारी पेढीसाठी संगणक घेतो, तेव्हा हा कर त्याला आपल्या देय करातून वजा करून घेता येतो. मास्तराला, कारकुनाला आणि विद्यार्थ्याच्या बापाला ती सोय नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाळकरी वहीवरचा, पेन्सिलीवरचा आणि खोडरबरावरचा कर माफ झाला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण इंग्रजीत ज्याला ‘नोटबुक’ म्हणतात तो संगणक अठरा टक्क्यांतच राहिला. आजच्या अभियांत्रिकीच्या मुलाची वही कोणती, हा प्रश्न सरकारने एकदा कॉलेजात येऊन विचारावा.

विमानतळावरचे नियमही नीट माहीत असावेत. अठरा वर्षे पुरी झालेल्या प्रवाशाला सामानाबरोबर एक लॅपटॉप जकातीशिवाय आणता येतो. एक, आणि लॅपटॉपच. टेबलावरचा संगणक त्या सवलतीत बसत नाही. पुतण्याजवळ त्याचा कचेरीचा लॅपटॉप असतोच. मग तुमचा झाला दुसरा, आणि दुसऱ्याचे उत्तर देण्याची पाळी पहाटे तीन वाजता, वीस तासांच्या प्रवासानंतर, त्या बिचाऱ्यावर येते. ३ ऑगस्ट २०२३ रोजी सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातल्याची बातमी आली, तेव्हा अनेक घरांत घबराट झाली होती. प्रवाशाचे सामान त्यातून वगळलेले होते, टपालाने मागवलेल्या एका नगालाही परवाना नको होता. मात्र कर भरणे भागच होते. व्यापाऱ्यांवरचे ते बंधनही पुढे लांबणीवर पडले आणि १ नोव्हेंबर २०२३ पासून त्याऐवजी नोंदणी करून परवानगी घेण्याची पद्धत सुरू झाली.

येथवर रुपयांचा हिशेब झाला. पण जो खर्च पावतीवर येत नाही, तो आम्ही आमच्या आळीतच पाहिला. आमचे एक शेजारी बँकेतून निवृत्त झालेले. मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. जुलैत कॉलेज सुरू झाले. आतेभाऊ दिवाळीला येणार होता, तेव्हा लॅपटॉप त्याच्याबरोबर आणायचा ठरला. बारा हजार वाचत होते. मुलीने पहिले सत्र मैत्रिणीच्या यंत्रावर काढले. मैत्रीण झोपली की ही रात्री अकराला कामाला बसे. प्रात्यक्षिकांत तिला गुण कमी पडले, हे शेजाऱ्यांनी हळू आवाजात सांगितले. यंत्र आले, घरात पेढे वाटले गेले, आणि मार्चात त्याचा पडदा काळा झाला. कंपनीच्या केंद्रातल्या मुलाने फार अदबीने सांगितले, “काका, या मॉडेलची वॉरंटी खरेदी केलेल्या देशातच चालते. इथं पैसे भरून करून देऊ, पण सुटा भाग मागवायला वेळ लागेल.” पडद्याचे आणि मजुरीचे मिळून जे बिल झाले, त्यात वाचलेले बारा हजार जवळजवळ सगळे गेले. दुसऱ्या सत्राचा दीड महिनाही गेला. शेजारी म्हणाले, “पैशाचं काही नाही हो, पण पोरीचं वर्ष असं अर्धवट गेलं.”

सगळ्याच कंपन्यांचे असे नसते. काहींची वॉरंटी देशोदेशी चालते, काहींची नाही, काहींची कागदावर चालते. ते घेण्यापूर्वी लेखी पाहावे. इथे घेतलेल्या वस्तूबाबत आणखी एक आधार असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. म्हणजे तासगावकराला सांगलीच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. कॅलिफोर्नियातल्या दुकानदाराला सांगलीत खेचून आणणे, ही कल्पना मनाला सुखावणारी असली तरी व्यवहार्य नाही.

बारीकसारीक गोष्टी म्हणजे विजेचा दाब आणि कळफलक. अमेरिकेत घरची वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची; लॅपटॉपच्या चार्जरला बहुधा दोन्ही चालतात, पण चार्जरवरचे आकडे वाचल्याशिवाय पिन भिंतीत घालू नये. जर्मन कळफलकावर वाय आणि झेड यांनी जागांची अदलाबदल केलेली असते, ब्रिटिश कळफलकावर तीनच्या कळीवर पौंड बसलेला असतो. आपला रुपया तिथे शोधून सापडत नाही.

राहिली भीड. आपल्या कुटुंबात हिला किंमत नसते असे नाही, ती कोणी लिहून ठेवत नाही इतकेच. लॅपटॉप हातात पडला की काका खिशात हात घालतात. पुतण्या म्हणतो, “राहू द्या हो काका, एवढं काय!” काकांनी ते ऐकले तर ती भेट होते, आणि पुढे कोणत्या तरी लग्नात वहिनींच्या तोंडून तिची आठवण निघते. काकांनी ऐकले नाही, तर डॉलरचा भाव घेतल्या दिवसाचा की दिल्या दिवसाचा, हा नाजूक प्रश्न उभा राहतो. शिवाय पुतण्याला तेवीस किलोंच्या बॅगेत आईची औषधे, बहिणीच्या मुलांचे खेळ आणि चार घरांच्या फर्माइशी बसवायच्या असतात. तो नाही म्हणू शकत नाही, म्हणून आपण मागू नये, इतका विवेक मोठ्यांनी दाखवायला हरकत नाही.

इथले आणि तिथले या वादात एक गोष्ट आमच्या महाराष्ट्रातच घडलेली आहे. १९८० नंतरच्या दशकात भारताला महासंगणक हवा होता आणि अमेरिका तो मोकळेपणाने विकायला तयार नव्हती. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. त्यातल्या ट्रान्सप्युटर चिपा इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या होत्या, हे येथे मुद्दाम सांगतो. सगळे सुटे भाग देशी नव्हते. पण जुळणी इथली होती, तिचे मर्म जाणणारी माणसे इथली होती, आणि बिघडले तर उघडून बसणारे हात इथले होते. यंत्राचा मालक होणे म्हणजे हेच. आमच्या तालुक्याच्या गावातला दुरुस्तीवाला पोरगा भटकर नव्हे, पण दुकानातून घेतलेल्या यंत्राबरोबर आपण त्याच्यासारख्यांचीही थोडी सोय विकत घेतो. दहा हजारांच्या फरकातला काही भाग तिथे जातो.

म्हणून परदेशातून कधीच घेऊ नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. मुलगा शिकायला तिकडेच चालला असेल तर त्याने तिकडेच घ्यावा. तिथली वॉरंटी तिथेच उपयोगी पडेल. दोन-अडीच लाखांचे भारी यंत्र असेल, वॉरंटी दोन्हीकडे चालत असेल, येणारा माणूस स्वतःचा लॅपटॉप न आणता येत असेल, आणि आपल्याला घाई नसेल, तर फरक डोळ्यांत भरण्याइतका असतो. इथे जे मॉडेल मिळतच नाही त्याबद्दल तर बोलायलाच नको. पण घरच्या विद्यार्थ्याला जुलैत लागणारे साधे यंत्र दिवाळीपर्यंत थांबवून दहा हजार वाचवणे, ही काटकसर नव्हे. तो खर्च मुलाच्या खात्यावर टाकणे आहे.

तेव्हा दुसरी यादी करताना वाण्याच्या यादीची शिस्त लावावी. कर धरून किंमत, घेतल्या दिवसाचा भाव, वॉरंटी कोठे चालते, किती दिवस थांबावे लागेल, आणि बिघडल्यास कोणाच्या दारात जायचे, असे पाच रकाने पाडावेत. पाचही भरले आणि तरीही तिकडचाच स्वस्त ठरला, तर खुशाल कळवावे, आणि पैसे आधी पाठवावेत. शेवटचा रकाना कोरा राहिला, तर पुतण्याला फक्त “सुखरूप ये” एवढेच लिहावे. जाताना त्याच्या रिकाम्या बॅगेत चकल्यांचा डबा आणि किलोभर तासगावचा बेदाणा बसतो. तो मात्र जगात कोठेही इथल्याइतका स्वस्त मिळणार नाही.