अंगणातील तळे : उपसावे की राहू द्यावे?

घरामागे हौसेने बांधलेले लहानसे तळे पहिली एक-दोन वर्षे सर्वांच्या कौतुकाचे असते. मग एखाद्या उन्हाळ्यात पाणी हिरवेगार होते. आजी म्हणतात, "डास होतील, उपसून टाका." मुले माशांसाठी रडवेली होतात. शेवटी रविवारी सारे तळे रिकामे करून, फिनाइलने घासून, नळाच्या पाण्याने काठोकाठ भरले जाते. दोन दिवसांत मासे मरून वर तरंगतात आणि पंधरवड्यात डास मात्र वाढलेले असतात.

असे का होते? तळ्यातील गप्पी मासे, चतुराची पिल्ले डासांच्या अळ्या खात असतात. ती गेली की अळ्यांना मोकळे रान मिळते. उन्हाळ्यात अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच मासे नसलेले, अर्धवट भरलेले तळे सर्वांत धोक्याचे.

हिरवे म्हणजे घाण नव्हे

पाणी हिरवे दिसते ते शेवाळामुळे. भरपूर ऊन आणि माशांना घातलेले जास्तीचे खाणे, ही त्याची कारणे. अशा वेळी उपसा न करता खाणे कमी करावे. दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. कमळ वा कुमुदिनीच्या पानांनी निम्मा पृष्ठभाग झाकला की ऊन अडते व शेवाळ आपोआप आटोक्यात येते.

मात्र पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तळाशी काळा गाळ साचला असेल आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर पाण्यातील प्राणवायू कमी झाला आहे असे समजावे. मग सफाई टाळू नये.

सफाई कशी करावी?

थंडी संपताना, ऊन तापण्यापूर्वीचे दिवस यासाठी चांगले. आधी तळ्यातलेच पाणी मोठ्या टबात भरून मासे जाळीने त्यात सोडावेत. टब सावलीत ठेवून वर ओले फडके बांधावे, नाहीतर मासे उडी मारतात. पाणी उपसणारा विजेचा पंप बंद करून, प्लग काढल्याखेरीज कोणीही पाण्यात उतरू नये. लहान मुलांना दूरच ठेवावे. वीतभर पाणीही त्यांच्या जिवावर बेतू शकते.

गाळ काढताना थोडा राहू द्यावा. पाणी निर्मळ ठेवणारे उपयुक्त जिवाणू गाळात आणि भिंतींवर राहतात. साबण, अॅसिड, ब्लीचिंग पावडर अजिबात वापरू नये. पाण्याच्या रेषेवरचा भिंतीचा भाग मात्र ब्रशने घासावा. डेंग्यूचा डास तिथे अंडी चिकटवतो आणि ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात.

पुन्हा भरताना निम्मे तरी जुने पाणी वापरावे. नळाचे पाणी एक दिवस उघड्या पिंपात ठेवले की त्यातील क्लोरीन उडून जाते. हे पिंप, बादल्या नंतर लगेच रिकाम्या करून पालथ्या घालाव्यात. त्या दिवशी माशांना खायला देऊ नये.

निघालेला गाळ फेकण्याची वस्तू नव्हे. बंगालमध्ये घरामागच्या पुकुरांतील गाळ उन्हाळ्यात काढून झाडांना घालण्याची जुनी रीत आहे. अंगणातील नारळ, केळीच्या आळ्यातही तो घालता येतो. जास्तीची जलपर्णी वा मासे मात्र नदी-नाल्यात सोडू नयेत. गप्पीसुद्धा मूळचे परदेशी. नैसर्गिक पाण्यात ते स्थानिक माशांच्या मुळावर येतात.

थोडक्यात, पाण्याचा रंग पाहून बादली उचलू नये. आधी वास घ्यावा, पहाटे मासे पाहावेत आणि मगच ठरवावे. बहुतेक तळ्यांना उपशापेक्षा कमी खाणे आणि थोडी सावलीच हवी असते.