नाण्याचे मोल आणि मातीची साक्ष

ऑगस्टस व तिबेरियस या रोमन सम्राटांच्या रौप्यमुद्रा कोइंबतूरच्या परिसरात विपुल सापडल्या, आणि असे एखादे नाणे पदरी असावे ही संग्राहकाची अभिलाषा सर्वथा स्वाभाविक आहे. परंतु आजचा गडचिरोलीही ज्यात समाविष्ट होता त्या जुन्या चांदा जिल्ह्यात १८९३ साली उजेडात आलेला सातवाहनांचा नाणेनिधी, पोटीनसारख्या हलक्या धातूचा असूनही, मला अधिक मोलाचा वाटतो, कारण पुळुमावी व यज्ञ सातकर्णी यांचे चलन या अरण्यप्रदेशापर्यंत पोचले होते, अशी साक्ष तो देतो. नाशिकनजीक जोगळटेंभी येथे १९०६ साली मिळालेली शक क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सराफाच्या मुशीत गेली असती, तर त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर त्याला हरविणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्राने पुन्हा उमटविलेला विजयी ठसा कोणी पाहिला असता? दहा रुपयांहून अधिक मूल्याचे गुप्तधन सापडल्यास त्याचे ठिकाण व तारीख जिल्हाधिकाऱ्यास कळवावी, असे १८७८चा कायदा सांगतो; मात्र गडचिरोलीतील सिरोंच्याच्या शेतकऱ्याने कचेरीत वर्दी द्यावी, अशी अपेक्षा करणाऱ्या सरकारने त्याच्या मोबदल्याचा निवाडाही विनाविलंब केला पाहिजे, आणि प्राप्तिस्थान न सांगणाऱ्या विक्रेत्याकडून संग्राहकाने एकही नाणे घेऊ नये.